कारगिलनंतरची गुप्तवार्ता पुनर्रचना आणि सेनादले : दोन अहवालांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

राष्ट्राच्या संरक्षणव्यवस्थेत गुप्तवार्ता यंत्रणेचे स्थान डोळ्यांचे मानले जाते. डोळ्यांनी पाहिलेले हातापर्यंत पोहोचले नाही, तर पाहणे आणि न पाहणे यांत फारसा फरक उरत नाही. सन १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल जिल्ह्यातील उंच शिखरांवर पाकिस्तानी सैन्याने केलेल्या घुसखोरीने हा प्रश्न देशापुढे उभा केला. घुसखोरीची पहिली बातमी मे १९९९ च्या आरंभी स्थानिक मेंढपाळांकडून मिळाली. त्यापुढील सुमारे तीन महिन्यांच्या संघर्षात अधिकृत आकडेवारीनुसार ५२७ भारतीय सैनिक व अधिकारी धारातीर्थी पडले. हा संघर्ष संपताच सुरू झालेली गुप्तवार्ता यंत्रणांची पुनर्रचना ही स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत व्यापक पुनर्रचना समजली जाते.

या पुनर्रचनेचा पाया दोन दस्तऐवजांनी घातला. पहिला, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल पुनरावलोकन समितीचा अहवाल आणि दुसरा, त्याच्या अनुषंगाने फेब्रुवारी २००१ मध्ये सादर झालेला मंत्रिगटाचा अहवाल. या दोन्ही दस्तऐवजांचे चिकित्सक वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. समितीने रोगाचे निदान अचूक केले. मात्र योजलेले उपाय त्या निदानाशी पुरते जुळले नाहीत. नव्या संस्था निर्माण झाल्या, परंतु मिळालेली माहिती सेनादलांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, या मूळ प्रश्नाचे उत्तर अनिर्णित राहिले, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

पूर्वपीठिका : १९६२ ते १९६८

कारगिलचा धक्का हा पहिला नव्हता. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी लष्करांतर्गत चौकशी केली. तो अहवाल शासनाने प्रसिद्ध केला नाही. मात्र नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्रिपदाची धुरा स्वीकारलेले यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत त्यासंबंधी निवेदन केले. माहिती मिळण्यातील संथपणा आणि वृत्तांतातील संदिग्धता यांची कबुली त्या निवेदनात होती. माहितीचे संकलन, तिचे मूल्यमापन आणि तिचे वितरण ही तीन वेगवेगळी कार्ये असल्याचेही त्यात स्पष्ट करण्यात आले होते. छत्तीस वर्षांनंतर कारगिलच्या निमित्ताने जे सांगितले गेले, त्याचे बीज चव्हाणांच्या या निवेदनात आढळते.

१९६५ च्या पाकिस्तान युद्धात उणिवा पुन्हा जाणवल्या. त्याच वर्षी, पूर्वी सेनादल प्रमुखांच्या समितीच्या कक्षेत असलेली संयुक्त गुप्तवार्ता समिती मंत्रिमंडळ सचिवालयाकडे आणली गेली. पुढे २१ सप्टेंबर १९६८ रोजी गुप्तवार्ता विभागातून, म्हणजे 'आय. बी.'मधून, परराष्ट्रविषयक काम वेगळे काढून 'रिसर्च अँड अॅनालिसिस विंग' अर्थात 'रॉ' ही संस्था स्थापन झाली. रामेश्वरनाथ काव तिचे पहिले प्रमुख होते. या दोन्ही निर्णयांची दिशा एकच होती. देशाबाहेरील गुप्तवार्ता मुलकी संस्थेकडे राहावी आणि मूल्यमापनही मुलकी सचिवालयात व्हावे, ही ती दिशा. सेनादलांकडे प्रामुख्याने रणक्षेत्रालगतची माहिती, मर्यादित स्वरूपाची संदेशवाहनविषयक गुप्तवार्ता आणि प्रतिहेरगिरी एवढेच काम उरले.

या रचनेला लोकशाहीच्या दृष्टीने सबळ आधार होता. शेजारच्या पाकिस्तानात १९४८ मध्ये स्थापन झालेली 'इंटर-सर्व्हिसेस इंटेलिजन्स' ही लष्करी अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखालील संस्था राजकारणात किती खोलवर गेली, हे सर्वज्ञात आहे. गुप्तवार्तेची सत्ता आणि शस्त्रांची सत्ता एकाच हाती जाऊ नये, हे भारतीय राज्यकर्त्यांचे धोरण म्हणूनच दूरदर्शी ठरते. तथापि या धोरणाची एक किंमत होती. ज्याला माहितीची गरज सर्वाधिक, तो सैनिक माहिती मिळवण्याच्या प्रक्रियेबाहेर गेला. त्याला काय हवे आहे हे विचारणारी आणि ते त्याला मिळाले की नाही हे पाहणारी व्यवस्था मात्र त्या काळात उभी राहिली नाही.

कारगिल समितीचे निदान

कारगिल पुनरावलोकन समिती २९ जुलै १९९९ रोजी नेमण्यात आली. सुब्रह्मण्यम यांच्यासह लेफ्टनंट जनरल के. के. हजारी, पत्रकार बी. जी. व्हर्गीस आणि सदस्य-सचिव म्हणून सतीशचंद्र असे तिचे स्वरूप होते. समितीने १५ डिसेंबर १९९९ रोजी अहवाल सादर केला आणि फेब्रुवारी २००० मध्ये तो संसदेपुढे ठेवण्यात आला. सुरक्षेच्या कारणास्तव काही भाग वगळून तो 'फ्रॉम सरप्राइज टू रेकनिंग' या नावाने ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाला. १९६२ च्या अहवालाचे भवितव्य लक्षात घेता, युद्धातील उणिवांचा अहवाल जनतेच्या हाती देणे ही भारतीय प्रशासनाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना होय. याचे श्रेय समिती आणि तत्कालीन शासन या दोहोंना द्यावे लागते.

घुसखोरी ही शासन, लष्कर आणि गुप्तवार्ता यंत्रणा या सर्वांनाच पूर्णपणे अनपेक्षित होती, असा समितीचा निष्कर्ष आहे. कारगिलसमोरील भागात १९९८ मध्ये कोणत्या बटालियन आल्या आणि कोणत्या गेल्या, तसेच त्यांची नेमकी ओळख काय, याविषयीच्या माहितीचा अभाव हे समितीने गुप्तवार्तेतील कळीचे अपयश ठरवले. 'रॉ'च्या सप्टेंबर १९९८ पर्यंतच्या सहामाही मूल्यमापनात मर्यादित व वेगवान आक्रमणाची शक्यता नोंदवलेली होती. मार्च १९९९ च्या मूल्यमापनात मात्र तो उल्लेख राहिला नाही. उलट, आर्थिक अडचणींमुळे पाकिस्तान असे साहस करणार नाही, यावर त्यात भर होता.

अहवालातील सर्वांत बोलकी नोंद मात्र एका पत्राविषयी आहे. नियंत्रणरेषेपलीकडील हालचालींसंबंधी मिळालेली माहिती 'आय. बी.'च्या संचालकांना एवढी महत्त्वाची वाटली, की २ जून १९९८ रोजी त्यांनी स्वतःच्या स्वाक्षरीने ती पंतप्रधान, गृहमंत्री, मंत्रिमंडळ सचिव, गृहसचिव आणि लष्करी कारवाई महासंचालक यांना कळवली. परंतु या माहितीशी ज्यांचा सर्वाधिक संबंध होता, ते 'रॉ'चे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालक या तिघांना ते पत्र पाठवले गेले नाही. अधिकारश्रेणीतून ते त्यांच्यापर्यंत झिरपेल, अशी प्रेषकाची अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही.

या नोंदीचा अर्थ बारकाईने पाहिला पाहिजे. माहिती अस्तित्वात होती आणि ती सर्वोच्च स्तरापर्यंत गेलीही होती. तिचा पाठपुरावा करण्याची साधने ज्यांच्याकडे होती त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही. शिवाय हे पत्र लष्कराच्या मुख्यालयातील एका महासंचालकांना मिळाले होते. त्याच मुख्यालयातील दुसऱ्या महासंचालकांपर्यंत ते गेले नाही. म्हणजेच दोष केवळ मुलकी संस्था आणि सेनादले यांच्यामधील दरीचा नव्हता. तो सेनादलांच्या अंतर्गत रचनेतही होता. पुनर्रचनेच्या चर्चेत या दुसऱ्या बाजूकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

उपलब्ध असलेली व आपल्या हक्काची सर्व माहिती वापरकर्त्याला मिळते की नाही, हे पाहणारी नियंत्रण-संतुलनाची कोणतीही व्यवस्था भारतीय गुप्तवार्ता रचनेत नाही, हे समितीने असंदिग्धपणे नोंदवले. संयुक्त गुप्तवार्ता समितीखालील स्तरांवर 'रॉ', 'आय. बी.', सीमा सुरक्षा दल आणि लष्करी गुप्तवार्ता यांचे अधिकारी नियमितपणे एकत्र येण्याची संस्थात्मक सोय नसल्याचेही तिने दाखवून दिले. संपूर्ण अहवालाचे सार या दोन निरीक्षणांत सामावले आहे.

निदान आणि उपाय यांतील अंतर

निदान इतके नेमके असताना उपाययोजनेत मात्र वेगळाच सूर दिसतो. मानवी, संदेशवाहनविषयक, छायाचित्रविषयक आणि इलेक्ट्रॉनिक अशा सर्व प्रकारच्या गुप्तवार्तेची मक्तेदारी एकाच संस्थेकडे असणे हितावह नाही, असे मत समितीने मांडले. अमेरिका व ब्रिटन यांच्या धर्तीवर तांत्रिक गुप्तवार्तेसाठी आणि संरक्षण गुप्तवार्तेसाठी स्वतंत्र संस्था असाव्यात, या विचाराला त्यातून चालना मिळाली. उपग्रह छायाचित्रण आणि मानवरहित विमाने यांवरही समितीने भर दिला. तांत्रिक क्षमतेच्या बाबतीत पुढील प्रगती नाकारता येणार नाही. ऑक्टोबर २००१ मध्येच भारतीय अवकाश संशोधन संस्थेने सुमारे एक मीटर विभेदनक्षमतेचा 'टेक्नॉलॉजी एक्सपेरिमेंट सॅटेलाइट' कक्षेत सोडला.

मक्तेदारी मोडणे आणि माहितीची देवाणघेवाण सुधारणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. जून १९९८ चे पत्र योग्य व्यक्तींपर्यंत पोहोचले नाही, याचे कारण संस्थांची संख्या कमी होती हे नव्हे. संस्था जितक्या अधिक, तितक्या त्यांच्यातील सीमारेषा अधिक, आणि प्रत्येक सीमारेषेवर माहिती अडकण्याची शक्यता तितकीच वाढते. माहिती न पोहोचल्यास जाब कोणी कोणाला विचारायचा, हे ठरवल्याशिवाय केलेला विस्तार मूळ दोषाची पुनरावृत्ती करू शकतो. समिती वैधानिक अधिकार नसलेली होती आणि व्यक्तिगत जबाबदारी निश्चित करणे तिने टाळले. हा संयम समजण्यासारखा असला, तरी त्यामुळे 'उत्तरदायित्व' ही संकल्पना शिफारशींच्या केंद्रस्थानी येऊ शकली नाही.

मंत्रिगटाचा अहवाल आणि अनुपस्थित प्रकरण

एप्रिल २००० मध्ये नेमलेल्या मंत्रिगटात लालकृष्ण अडवाणी, जॉर्ज फर्नांडिस, जसवंतसिंह आणि यशवंत सिन्हा हे चार ज्येष्ठ मंत्री होते. गटाने चार कृतिदले नेमली. गुप्तवार्तेसाठी 'रॉ'चे माजी प्रमुख गिरीशचंद्र सक्सेना, अंतर्गत सुरक्षेसाठी एन. एन. व्होरा, सीमाव्यवस्थापनासाठी महाराष्ट्राला सुपरिचित असलेले माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले आणि संरक्षण व्यवस्थापनासाठी अरुण सिंग यांच्याकडे नेतृत्व होते. विषयांची ही विभागणी प्रशासकीयदृष्ट्या सोयीची असली, तरी गुप्तवार्ता आणि संरक्षण व्यवस्थापन यांचा विचार दोन वेगळ्या दालनांत झाला, ही तिची मर्यादा होय. कारगिलने जो प्रश्न उभा केला होता, तो नेमका या दोन विषयांच्या सांध्यावरचा होता.

मंत्रिगटाचा अहवाल मे २००१ मध्ये प्रसिद्ध करण्यात आला, तेव्हा गुप्तवार्ता यंत्रणेवरील प्रकरण सुरक्षेच्या कारणास्तव वगळण्यात आले. गुप्त स्रोत, कार्यपद्धती व तांत्रिक क्षमता झाकून ठेवणे आवश्यकच असते. त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु संस्थांमधील संबंध, अधिकारांची विभागणी आणि उत्तरदायित्वाचे तत्त्व या गोष्टी त्या अर्थाने गुपिते नाहीत. संपूर्ण प्रकरण झाकल्यामुळे या तत्त्वांवरील सार्वजनिक आणि विद्यापीठीय चर्चेचा आधारच नाहीसा झाला. कारगिल समितीने मोकळेपणाची जी परंपरा सुरू केली होती, ती सुमारे दीड वर्षातच खंडित झाली. २०११ मध्ये नेमलेल्या नरेशचंद्र कृतिदलाचा २०१२ मधील अहवालही अप्रकाशित राहिला.

संरक्षण गुप्तवार्ता संस्था : नाव आणि अधिकार

सेनादलांच्या दृष्टीने पुनर्रचनेचे सर्वांत महत्त्वाचे फलित म्हणजे मार्च २००२ मध्ये स्थापन झालेली 'डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी'. लेफ्टनंट जनरल कमल डावर तिचे पहिले महासंचालक झाले. तिन्ही दलांच्या गुप्तवार्तेत समन्वय साधणे, सामरिक स्तरावरील मूल्यमापन करणे आणि उपग्रह छायाचित्रे व संदेशवाहन गुप्तवार्ता यांसारख्या संयुक्त साधनांचे व्यवस्थापन करणे ही कामे तिच्याकडे आली. तिन्ही दले एका छताखाली बसून मूल्यमापन करू लागली, हा बदल मोलाचाच आहे.

तथापि भूदल, नौदल आणि हवाईदल यांची स्वतंत्र गुप्तवार्ता संचालनालये आपापल्या दलप्रमुखांच्या आधिपत्याखालीच राहिली. परिणामी नव्या संस्थेला समन्वयाचे काम मिळाले, पण ज्यांच्यात समन्वय साधायचा त्यांच्यावर अधिकार मिळाला नाही. मंत्रिगटाने शिफारस केलेले संरक्षणदल प्रमुखाचे पद या उणिवेवरील उतारा ठरू शकले असते. राजकीय सहमतीच्या अभावी तो निर्णय लांबणीवर पडला आणि जनरल बिपिन रावत यांनी पहिले संरक्षणदल प्रमुख म्हणून सूत्रे हाती घेतली ती १ जानेवारी २०२० रोजी. कळसाशिवाय मंदिर उभे करावे, तशी संरक्षण गुप्तवार्तेची ही रचना जवळजवळ अठरा वर्षे चालली.

दरम्यान २००४ मध्ये तांत्रिक गुप्तवार्तेसाठी स्थापन झालेली 'नॅशनल टेक्निकल रिसर्च ऑर्गनायझेशन' राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अखत्यारीत ठेवण्यात आली. २०१८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या रणनीती धोरण गटाचे अध्यक्षपदही मंत्रिमंडळ सचिवांकडून सुरक्षा सल्लागारांकडे आले. समन्वयाचे केंद्र एका पदाभोवती घट्ट होत गेले. यामुळे निर्णयाचा वेग वाढू शकतो. परंतु एका व्यक्तीच्या क्षमतेवर आणि पंतप्रधानांशी असलेल्या तिच्या निकटतेवर विसंबलेला समन्वय हा संस्थात्मक समन्वयाला पर्याय ठरत नाही.

तुलनेसाठी दोन उदाहरणे

हा पेच केवळ भारताचा नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेतील चौकशी आयोगाने सर्व गुप्तवार्ता संस्थांवर एकच प्रमुख असावा, अशी शिफारस २००४ मध्ये केली. परंतु तेथील उपग्रह आणि संदेशवाहन गुप्तवार्तेच्या मोठ्या संस्था संरक्षण खात्याच्या अंतर्गत आहेत. रणांगणावरील सेनापतीला मिळणाऱ्या माहितीच्या साखळीत नवा मुलकी दुवा आल्यास विलंब होईल, असा आक्षेप प्रतिनिधिगृहाच्या सशस्त्र सेवा समितीच्या अध्यक्षांनी घेतला. अखेर डिसेंबर २००४ च्या कायद्याने राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकाचे पद निर्माण झाले, पण खातेप्रमुखांचे वैधानिक अधिकार अबाधित राखणारी तरतूदही त्यातच समाविष्ट करण्यात आली. तेथेही पद मोठे आणि अधिकार मर्यादित अशीच तडजोड झाली. भेद इतकाच, की हा वाद कायदेमंडळात उघडपणे झाला आणि त्याचा निकाल कायद्याच्या कलमांत नोंदवला गेला.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहशतवाद्यांच्या हल्ल्यानंतर महाराष्ट्र शासनाने राम प्रधान आणि 'रॉ'चे माजी अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. हल्ल्यापूर्वी इशारे मिळालेले होते; त्यांच्यावर प्रक्रिया करून ते योग्य ठिकाणी पोहोचवणारी व्यवस्था दुबळी होती, हे तिच्या अहवालातून स्पष्ट झाले. कारगिलचाच दोष सपाटीवर, समुद्रकिनारी पुन्हा प्रकट झाला. मात्र यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्र शासनाने किनारपट्टीसह संपूर्ण सागरी सुरक्षेची जबाबदारी नावानिशी नौदलाकडे सोपवली. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर येथे संयुक्त कार्यकेंद्रे उभी राहिली. त्यांत नौदल, तटरक्षक दल आणि अन्य यंत्रणा यांचा सहभाग निश्चित करण्यात आला. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. परंतु उद्या समुद्रावर काही घडले, तर जाब कोणाला विचारायचा हे तेथे ठरलेले आहे. कारगिलनंतरच्या गुप्तवार्ता पुनर्रचनेत नेमके हेच ठरवले गेले नव्हते.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

या मताविरुद्ध एक युक्तिवाद केला जातो. गुप्तवार्तेच्या क्षेत्रात उत्तरदायित्वाचा आग्रह धरल्यास अधिकारी धोका पत्करणार नाहीत आणि गोपनीयतेला बाधा येईल, असा तो आहे. त्यात तथ्यांश आहे. परंतु ब्रिटनने १९९४ च्या कायद्याने संसद सदस्यांची गुप्तवार्ता व सुरक्षा समिती स्थापन केली आणि अमेरिकेच्या सिनेटमध्ये १९७६ पासून अशी समिती कार्यरत आहे. बंद दाराआड का होईना, विचारणा करणारी लोकप्रतिनिधींची व्यवस्था त्या देशांनी स्वीकारली. भारतात 'रॉ' आणि 'आय. बी.' या संस्थांना स्वतंत्र संसदीय कायद्याचा आधार नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २४ अन्वये भ्रष्टाचार व मानवी हक्कभंग यांसंबंधीची माहिती वगळता त्यांना सूट आहे. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी या संस्थांचे नियमन करणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

याचा संबंध सैनिकाशी थेट आहे. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चीनी सैन्याशी झालेल्या चकमकीत २० भारतीय सैनिकांना वीरमरण आले. त्याआधीच्या चीनी सैन्याच्या जमवाजमवीविषयी कोणाला काय माहीत होते आणि ते कोणापर्यंत पोहोचले, याची कारगिल समितीसारखी सार्वजनिक छाननी झाली नाही. उत्तर कदाचित यंत्रणांच्या बाजूनेही असू शकेल. पण ते तपासण्याची संस्थात्मक सोय नसणे, हीच पुनर्रचनेची सर्वांत मोठी उणीव होय.

समारोप

कारगिलनंतरच्या पुनर्रचनेने देशाला नवी साधने, नव्या संस्था आणि तिन्ही दलांच्या एकत्र विचाराची सवय दिली. तिचे हे योगदान मान्य करूनच तिच्या मर्यादा नोंदवल्या पाहिजेत. वरील विवेचनातून तीन निष्कर्ष संभवतात. पहिला, बाह्य गुप्तवार्ता मुलकी नियंत्रणाखाली ठेवण्याचे १९६८ चे तत्त्व योग्यच आहे. मात्र सेनादलांच्या गरजा नोंदवणारी आणि त्यांची पूर्तता तपासणारी बंधनकारक पद्धत त्याला जोडणे आवश्यक आहे. दुसरा, समन्वयाची जबाबदारी ज्या संस्थेकडे असेल तिला तेवढेच अधिकार असले पाहिजेत; संरक्षणदल प्रमुखाचे पद अस्तित्वात आल्यानंतर संरक्षण गुप्तवार्ता संस्था आणि तिन्ही दलांची संचालनालये यांचे परस्परसंबंध नव्याने व स्पष्टपणे लिहिले जाणे अगत्याचे आहे. तिसरा, स्रोत आणि कार्यपद्धती गुप्त ठेवूनही संस्थात्मक रचनेची चर्चा संसदेत आणि विद्यापीठांत होऊ शकते. कारगिल समितीचा अहवाल हाच त्याचा पुरावा आहे.

२ जून १९९८ चे ते पत्र पाच जणांना मिळाले आणि ज्या तिघांना मिळायला हवे होते त्यांना मिळाले नाही. तसे पत्र आज लिहिले गेले, तर ते त्या तिघांपर्यंत पोहोचेल याची हमी कोणत्या नियमाने आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे दिलेली आहे, या प्रश्नाला निःसंदिग्ध उत्तर मिळेपर्यंत कारगिलनंतरची पुनर्रचना अपूर्णच म्हणावी लागेल.